गिरणी कामगारविषयक मराठी साहित्य आणि ‘कमी हात, अधिक वेतन’ हा सौदा : एक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबईच्या गिरणी कामगारांचे जीवन हा आधुनिक मराठी साहित्याचा एक समृद्ध विषय आहे. १९३०च्या दशकाच्या आरंभी मामा वरेरकर यांनी ‘सोन्याचा कळस’ हे नाटक आणि ‘धावता धोटा’ ही कादंबरी लिहून या जीवनाला साहित्यात मध्यवर्ती स्थान दिले. पुढे अण्णा भाऊ साठे यांची लोकनाट्ये व लावण्या, नारायण सुर्वे यांची कविता आणि जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक अशी ही परंपरा विकसित होत गेली. या साहित्याची समीक्षा प्रामुख्याने दोन अंगांनी होते. शोषणाचे वास्तव चित्रण हे पहिले अंग होय, तर संपातील पराभव आणि त्यातून होणारी कुटुंबाची वाताहत हे दुसरे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत, यात शंका नाही.

तथापि, गिरणी कामगारांच्या इतिहासातील एका प्रश्नाकडे या समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. मालक संघटनेपुढे प्रस्ताव ठेवतो की, राहतील त्या कामगारांना अधिक वेतन मिळेल, मात्र कामगारांची संख्या कमी होईल. अशा प्रस्तावाला संघटनेने काय उत्तर द्यावे? कोणाच्या वतीने द्यावे? जे राहणार आहेत त्यांच्या, की जे जाणार आहेत त्यांच्या? प्रस्तुत लेखात १९२८-२९च्या मुंबईतील संपांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करून, मराठी साहित्यात तो कितपत उमटला आहे आणि जेथे उमटला नाही तेथे त्याची कारणे कोणती, याची चिकित्सा केली आहे.

१. प्रस्तावाचे स्वरूप : दोन मागांवरून तीन मागांकडे

१९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचा कापड उद्योग अडचणीत आला होता. जपानी कापडाची स्पर्धा, महायुद्धकाळातील तेजी ओसरल्यानंतरची मंदी आणि रुपयाचा चढा विनिमय दर ही त्याची प्रमुख कारणे होत. १९२५मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली, तेव्हा कामगारांनी दीर्घ संप केला. सरकारने देशी कापडावरील अबकारी कर स्थगित केल्यानंतर ती कपात मागे घेण्यात आली. सरळ वेतनकपात कामगार एकजुटीने रोखू शकतात, हे या संपाने मालकांना दाखवून दिले.

त्यानंतर आलेल्या योजनेचे स्वरूप वेगळे होते. एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, कताई खात्यात रिंगच्या साच्याची एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन्ही बाजू सांभाळाव्यात आणि या वाढीव कामाबद्दल त्याला काही वाढीव वेतन मिळावे, अशी ही पद्धत होती. ससून समूहाच्या गिरण्यांनी या बाबतीत पुढाकार घेतला आणि १९२७मध्येच तेथील विणकरांनी तीन मागांच्या पद्धतीविरुद्ध काम बंद ठेवले.

या पद्धतीचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. साठ मागांच्या खात्यात प्रत्येकी दोन माग चालविणारे तीस विणकर आहेत आणि प्रत्येकाला चाळीस रुपये मिळतात, असे मानू. एकूण वेतन बाराशे रुपये होते. तीन मागांच्या पद्धतीत वीस विणकर पुरतात. त्यांना प्रत्येकी पन्नास रुपये दिले तर एकूण वेतन हजार रुपये होते. म्हणजे राहिलेल्या विणकराचे वेतन पंचवीस टक्क्यांनी वाढते, त्याचे काम पन्नास टक्क्यांनी वाढते, मालकाची दोनशे रुपयांची बचत होते आणि दहा विणकरांचे संपूर्ण वेतन नाहीसे होते. वीस जणांच्या हातात पडणारी वाढ ही दहा जणांच्या बुडालेल्या चारशे रुपयांतील अर्धी रक्कम असते. उरलेली अर्धी मालकाकडे जाते.

वेतनकपातीचा घाव सर्वांवर सारखा पडतो, त्यामुळे विरोधही सर्वांचा असतो. प्रस्तुत प्रस्ताव मात्र कामगारांची राहणारे आणि जाणारे अशी विभागणी करतो. शिवाय कोण जाणार हे आधी ठाऊक नसते, म्हणून प्रत्येकजण स्वतःला राहणाऱ्यांत मोजू शकतो. संघटनेची खरी कसोटी येथे लागते.

२. संघटनेचे उत्तर आणि त्यातील उणीव

या कसोटीला मुंबईच्या कामगारांनी दिलेले उत्तर इतिहासाला परिचित आहे. २६ एप्रिल १९२८ रोजी सुरू झालेला सार्वत्रिक संप ६ ऑक्टोबर १९२८पर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात सहभागी होते. संपकाळातच, मे १९२८मध्ये, गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली. अ. अ. आळवे हे स्वतः गिरणी कामगार असलेले गृहस्थ तिचे अध्यक्ष, तर श्रीपाद अमृत डांगे सरचिटणीस होते. ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ नेते आणि लाल बावट्याचे कार्यकर्ते संयुक्त संप समितीत एकत्र आले. समितीने सतरा मागण्या मांडल्या. वेतनातील घट आणि नव्या कार्यपद्धती यांना विरोध हा त्यांचा गाभा होता. संप मिटला तो सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्याच्या तडजोडीने.

कामावर राहण्याची शक्यता असलेल्या हजारो कामगारांनी जाणाऱ्यांसाठी सुमारे सहा महिन्यांच्या वेतनावर पाणी सोडले, हे या संपाचे नैतिक मोल आहे. युनियनची सभासदसंख्या अल्पावधीत पन्नास हजारांवर गेली, याचे एक कारण या भूमिकेत शोधता येते.

परंतु याच संपातील एक बाजू गौरवाच्या इतिहासात अनेकदा झाकली जाते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना गिरण्यांच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी घालून सुताचे टोक तोंडाने ओढून घेत असे, आणि उष्ट्या-विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य कामगाराच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. परिणामी तुलनेने चांगल्या वेतनाचे हे खाते त्यांना बंद राहिले आणि ते कताईसारख्या कमी वेतनाच्या खात्यांत अडकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८मध्ये हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. विणकाम खात्यातील प्रवेशाचा समावेश मागण्यांत झाला नाही, तर अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहण्यास सांगावे लागेल, अशी त्यांची भूमिका होती. नेत्यांनी ती मागणी काहीशा अनिच्छेने स्वीकारली. फॉसेट समितीपुढे हा विषय आला तेव्हा मालकांनी हा अन्याय मान्य केला, मात्र त्याची जबाबदारी आपली नसल्याचे सांगितले. १९२९च्या संपाला डॉ. आंबेडकरांनी विरोध केला.

हा विरोध केवळ राजकीय मतभेद म्हणून पाहिल्यास त्यातील आर्थिक युक्तिवाद निसटतो. तीन मागांमुळे ज्या नोकऱ्या धोक्यात आल्या होत्या, त्या विणकाम खात्यातील होत्या. त्या वाचविण्यासाठी दलित कामगारानेही महिनोन्‌महिने उपाशी राहावे, परंतु वाचलेली नोकरी त्याला कधी मिळू नये, असा हा व्यवहार होता. दुसरीकडे, साच्याच्या दोन्ही बाजू सांभाळण्याची सक्ती झाली तर कताई खात्यातील कपात त्याच्याही वाट्याला येणार होती. म्हणजे या लढ्यात त्याचा हितसंबंध होता, तो मोजला मात्र जात नव्हता.

स्त्री कामगारांची स्थितीही विचारात घ्यावी लागेल. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या आणि त्या मुख्यतः कांड्या भरणे व सूत गुंडाळणे या खात्यांत होत्या. पुढील दशकांत त्यांचे प्रमाण सातत्याने घटत अत्यल्प झाले. कुटुंबाला पुरेल असे पुरुषाचे वेतन ही न्याय्य मागणी करताना स्त्रीची नोकरी दुय्यम ठरत गेली. ‘कमी हात’ या शब्दप्रयोगात प्रथम कोणाचे हात कमी होतात, हे यातून दिसते.

३. शब्दांची चिकित्सा

या सौद्याचा इतिहास शब्दांतूनही वाचता येतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रक्रियेला ‘विवेकीकरण’ म्हटले गेले. त्यातील ‘विवेक’ मालकाच्या हिशेबाचा होता. कामगाराने विरोध केला की तो आपोआप अविवेकी ठरत असे. कामगार मात्र ‘तीन माग’ एवढेच म्हणत. त्यांच्या शब्दात कामाचे प्रमाण होते. पुढे नव्वदीच्या दशकात व त्यानंतर ‘स्वेच्छानिवृत्ती’ हा शब्द रूढ झाला. गिरणी बंद पडणार हे निश्चित असताना दिलेल्या अर्जाला ‘स्वेच्छा’ म्हणणे, हा निर्णयाचे कर्तेपण मालकाकडून कामगाराकडे सरकविण्याचा प्रकार होता. विवेकीकरणाच्या काळात प्रस्ताव निदान संघटनेपुढे येत असे आणि संघटना तो नाकारू शकत असे. स्वेच्छानिवृत्तीच्या काळात सही करण्याचा क्षण एकेकट्या कामगाराच्या वाट्याला आला.

४. साहित्यरूपे आणि सौद्याचे अदृश्यपण

या पार्श्वभूमीवर साहित्यकृतींकडे पाहिले असता काही निरीक्षणे नोंदविता येतात.

‘धावता धोटा’ हे वरेरकरांच्या कादंबरीचे शीर्षकच मुळात बोलके आहे. १९२८-२९च्या संपांना थोडीच वर्षे लोटली असताना मागावर सतत धावणाऱ्या धोट्याची प्रतिमा एका मध्यमवर्गीय लेखकाने मराठी वाचकापुढे आणली, हे त्यांचे ऐतिहासिक श्रेय आहे. हा धोटा सर्व गिरणी कामगारांचे प्रतीक म्हणून वाचण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वर नोंदविलेला इतिहास ध्यानात घेता हे वाचन तपासून पाहावे लागते. ज्या वस्तूला एका मोठ्या कामगारसमूहाला ओठ लावण्याची बंदी होती, ती वस्तू सर्वांचे प्रतीक कशी होईल? प्रतीक सर्वसमावेशक वाटते, कारण वाचक विणकराच्या जागी उभा राहून वाचतो.

नारायण सुर्वे यांच्या कवितेत कामगार प्रथमच स्वतःच्या आवाजात बोलतो. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी मराठी कवितेची भाषा बदलली. त्यांच्या ‘मुंबई’ या कवितेत सह्याद्री ओलांडून, श्रम विकण्यासाठी शहराच्या दारात येऊन उभा राहिलेला बाप येतो. हा बाप साताऱ्याच्या घाटमाथ्यावरील वाचकाला परका नाही. सुर्व्यांच्या कवितेची शक्ती तिच्या ‘मी’मध्ये आहे, हा ‘मी’ सहज ‘आम्ही’ होतो. परंतु ज्या प्रस्तावाने ‘आम्ही’चे दोन तुकडे होतात, त्याला सामावून घेणे एकसंध आत्मनिवेदनपर कवितेला अवघड जाते. ही सुर्व्यांची त्रुटी मानण्याचे कारण नाही. ती त्या काव्यरूपाची मर्यादा आहे.

‘अधांतर’मध्ये १९८२च्या संपानंतरचे गिरणगाव येते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा अधिकार देणारा १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या हळूहळू सुरू झाल्या तेव्हा हजारो कामगारांना परत घेतले गेले नाही, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींनाच कापडापेक्षा अधिक मोल आले. जयंत पवार यांनी हा सारा इतिहास चाळीतील धुरी कुटुंबाच्या एका खोलीत आणला. आई, लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटमध्ये रमलेला मोहन, गुन्हेगारीकडे वळणारा नरू आणि मंजू यांच्या परस्परसंबंधांतून एका वर्गाचे कोसळणे प्रेक्षकाच्या अंगावर येते. हे नाटक मराठी रंगभूमीची एक मोठी उपलब्धी आहे. परंतु त्याच्या रचनेमुळे वाटाघाटीचा क्षण रंगमंचाबाहेर राहतो. निर्णय बाहेर कोठेतरी झालेला असतो आणि घरात केवळ त्याचे परिणाम पोहोचतात. त्यामुळे संप हा नियतीसारखा भासू लागतो. निवड करणारी, चुकणारी, हिशेब मांडणारी संघटना दिसत नाही.

यावरून असे म्हणता येईल की, सौद्याचे अदृश्यपण हे केवळ लेखकांच्या दृष्टीचे फलित नाही. आत्मनिवेदनपर कविता एका आवाजाची असते, कौटुंबिक नाटक घराच्या आत घडते. सौदा मात्र कचेरीत, गेटसभेत आणि वेतनाच्या तक्त्यांत घडतो. त्याला परस्परविरोधी आवाज एकाच वेळी ऐकविणारे रूप हवे. असे रूप मराठीत होते. अण्णा भाऊ साठे यांनी १९४४मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले आणि तमाशाच्या सवाल-जबाबाला कामगारवस्तीत नवे काम दिले. ‘मुंबई कुणाची?’ हा वाद मध्यवर्ती ठेवणारे त्यांचे ‘माझी मुंबई’ हे लोकनाट्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सवाल टाकणे, प्रतिपक्षाला बोलू देणे आणि प्रेक्षकांदेखत त्याचा प्रतिवाद करणे ही लोकनाट्याची रीत गेटसभेच्या रीतीशी जुळणारी आहे. अभिजन रंगभूमीने ती प्रचारकी ठरवून बाजूला सारली, आणि त्याबरोबर वाटाघाटीचे नाट्य मांडण्याची एक शक्यताही क्षीण झाली.

ज्यांची गणना झाली नाही त्यांचा आवाज अखेर दलित साहित्यातून आला. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत कामाच्या ठिकाणी जात लपवून वावरणारा तरुण आहे. जात उघड होताच त्याला मारहाण होते. ही कथा गिरणीतील नाही. तरीही विणकाम खात्याच्या बंद दाराचा प्रश्न तिने अधिक खोलवर नेला आहे. कामगार म्हणून एकत्र काम करणारे लोक माणूस म्हणून एकत्र असतातच असे नाही, हे तिचे म्हणणे आहे. गिरणी साहित्य आणि दलित साहित्य हे अभ्यासक्रमात दोन स्वतंत्र घटक म्हणून शिकविण्याची पद्धत या दृष्टीने फेरविचारास पात्र ठरते.

५. कराड परिसराच्या दृष्टीतून

मुंबईतील कपातीचा परिणाम मुंबईपुरता नव्हता. गिरण्यांत कोकणाखालोखाल ज्या भागांतून मनुष्यबळ गेले, त्यांत सातारा जिल्हा प्रमुख होता. अण्णा भाऊंचे वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी त्यांच्या जन्माच्या वेळी, १९२०मध्ये, ते साताऱ्यातच होते. त्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या प्रसिद्ध छक्कडीतील ताटातूट ही कराड, पाटण, वाळवा या तालुक्यांतील घराघरांची होती. पुरुष मुंबईत गाळ्यात व खाणावळीत राहत असे, मनिऑर्डर गावी येत असे, आणि कोरडवाहू शेतीला तिचा आधार असे. संपकाळात हाच कामगार गावी परतत असे. मुंबईचे दीर्घ संप टिकले ते काही अंशी गावाकडच्या ज्वारीवर.

म्हणून वीस विणकरांची वाढ आणि दहांची कपात हा हिशेब कारखान्याच्या वहीत जेथे संपतो, तेथे गावाचा हिशेब सुरू होतो. राहिलेल्याची वाढीव मनिऑर्डर एका घरी येते, गेलेल्याची बंद झालेली मनिऑर्डर दुसऱ्या घराची शेती गहाण टाकते, आणि ही दोन्ही घरे बहुधा एकाच भावकीतील असतात. संप टिकविणाऱ्या या गावाला वाटाघाटीच्या मेजावर मात्र जागा नव्हती.

६. एक आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागेल. संघटनांनी बदल नाकारले म्हणून गिरण्या जुनाट राहिल्या, स्पर्धेत मागे पडल्या आणि अखेर सर्वांच्याच नोकऱ्या गेल्या. तेव्हा काहींची कपात मान्य करणे अधिक शहाणपणाचे ठरले नसते काय, असा हा आक्षेप आहे. त्यात तथ्याचा अंश आहे. १९२०च्या दशकातील मालकांच्या अडचणी काल्पनिक नव्हत्या आणि दोन मागांची पद्धत ही काही शाश्वत नीती नव्हे.

परंतु नकार किंवा शरणागती एवढेच दोन पर्याय होते, हे गृहीतक बरोबर नाही. १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने विवेकीकरणासाठी आदर्श कराराची जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत असलेल्या कामगारांची कपात होऊ नये, कामाच्या भाराचे योग्य मोजमाप व्हावे आणि लाभांचे न्याय्य वाटप व्हावे, यांचा समावेश होता. निवृत्तीमुळे रिकाम्या होणाऱ्या जागांच्या गतीने बदल घडविणे या चौकटीत शक्य होते. शिवाय जमिनीच्या किमतींनी गिरण्यांचे भवितव्य ठरविल्यानंतर अधिक माग चालवूनही त्या वाचल्या असत्या, असे खात्रीने म्हणता येत नाही. संघटनांवर टीका करायची तर ती त्यांनी नकार दिला म्हणून करण्यापेक्षा, नकार देताना दलित, स्त्री आणि बदली कामगारांना प्रत्येक वेळी बरोबरीने मोजले नाही, यासाठी करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) नोकरकपातीशी जोडलेली वेतनवाढ ही सरळ वेतनकपातीपेक्षा संघटनेची अधिक कठीण परीक्षा घेते, कारण ती कामगारांतच हितविरोध निर्माण करते.

२) १९२८च्या संपातील नकार मोलाचा होता. मात्र विणकाम खात्याच्या प्रश्नावरून डॉ. आंबेडकरांनी दाखविल्याप्रमाणे, ज्या नोकऱ्या वाचवायच्या त्या सर्वांना खुल्या नसतील, तर एकजुटीची हाक अपुरी राहते.

३) मराठी साहित्यात या सौद्याचे परिणाम प्रभावीपणे आले, निर्णयाचा क्षण क्वचितच आला. याला साहित्यरूपांच्या मर्यादा कारणीभूत आहेत आणि लोकनाट्याची उपेक्षा हे त्यातील एक महत्त्वाचे कारण आहे.

४) गिरणी साहित्य, दलित साहित्य आणि ग्रामीण साहित्य यांचे एकत्रित वाचन केल्याशिवाय हा प्रश्न पूर्णपणे दिसत नाही.

या प्रश्नाला केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे, असे मानता येणार नाही. वेतन आयोगाच्या श्रेणीत असलेले थोडे कायम अध्यापक आणि त्याच वर्गात, त्याच विद्यार्थ्यांना तासिका तत्त्वावर शिकविणारे त्यांचे सहकारी हे चित्र महाराष्ट्रातील महाविद्यालयांना परिचित आहे. रिक्त जागा भरल्या जात नाहीत आणि वाढीव वेतन मात्र राहिलेल्यांपर्यंत पोहोचते, तेव्हा कोणीही उघडपणे न मांडलेला तोच जुना सौदा मूकपणे स्वीकारला जात असतो. ‘अधांतर’ वा सुर्व्यांची कविता शिकविणाऱ्या वर्गात हा प्रश्न उपस्थित होणे म्हणूनच आवश्यक आहे. त्याचे उत्तर देताना शिक्षक स्वतःला कोणत्या रांगेत मोजतो, यावर त्या अध्यापनाचा प्रामाणिकपणा अवलंबून राहील.